आप्पासाहेबांचा हॉटस्पॉट

...आन् वर म्हणतात, स्वस्त! अवो स्वस्त हाय की, मी कुठं न्हाय म्हणतो? वरीसभर रिचार्जकडं बघायचं न्हाय, फोन कितीबी लावा, डाटा तर रोज सकाळी दुभत्या म्हशीच्या कासंगत तटतटून भरल्याला... पण शेजाऱ्यानं नुसतं म्हटलं, 'जरा हॉटस्पॉट द्या,' की कंपनी मधी आडवी! सगळं हाय, पण वाटायचं न्हाय! ही कुठली रीत झाली? तुमाला सांगतो, ह्या एका अटीपायी आमच्या निरवांगीच्या वस्तीवरच्या आप्पासाहेबांचं काय झालं ते ऐका, आन् मग तुमीच ठरवा, प्लॅन स्वस्त का महाग.

आप्पासाहेब म्हंजी आमच्या वस्तीवरचं थोरलं माणूस. त्यांचा बांध न् आमचा बांध एकच. जन्मभर साखर कारखान्यात हजेरी लावायच्या हापिसात नोकरी केली, आता घरीच. घरात आप्पा न् दगडाबाई, दोघंच. लेक ऋषिराज पुण्याला, सून राजेश्वरी न् नात छकुली बी तिकडंच. मोठा थोरला ओटा, त्याच्यावर आप्पांची खुर्ची.

तर ह्या आप्पांच्या घरी, मोबाइल कुणाच्या सपनातबी नव्हता तवा, वस्तीवरचा एकुलता एक फोन हुता! लाल भडक, बटनांचा, वर दगडाबाईंनी इनल्याला दोऱ्याचा रुमाल... असा रुबाब, की नवी नवरी घरात आली तरी पैलं देवाच्या पाया, मग फोनाच्या! आमच्या सगळ्यांचा नंबर तोच. लग्नाची पत्रिका छापा न्हायतर सोयरिकीचा कागद करा, खाली लिवायचं, 'पी.पी. आप्पासाहेब.' पोरीच्या बापानं इचारलं, 'घरी फोन हाय का?' की पोराचा बाप छाती फुगवून म्हणणार, 'आमचा हाय की!' आमचा म्हंजी कुणाचा? आप्पाचा!

फोन आला की आप्पा ओट्यावर यायचे, तोंडाशी हाताचा भोंगा करायचे आन् आरोळी ठोकायचे, 'ओ गेणबाऽऽ! पोरीचा फोन हाय रंऽऽ!' गेणबा तिकडं उसाला पाणी धरत असायचा. खोरं तितंच टाकून, धोतर खोचून, चिखलाच्या पायानं असा पळायचा, असा पळायचा... मागं पाट फुटून पाणी दुसऱ्याच्या रानात! आन् फोनवर बोलायचा किती मोठ्यानं? 'बऽरी हाईस काऽऽ!' अवो, पोरगी पिंपळीला दिल्याली, तिला फोनाबिगर ऐकू गेलं असतं! एकदा असाच आला, फोन कानाला लावला आन् गप. बोलंचना. आमचा सगळ्यांचा जीव वर. आप्पा म्हणले, 'काय झालं रं?' तर गेणबा रडत म्हणला, 'नातू झाला.' दगडाबाईंनी लगीच साखरंचा डबा काढला. घरातला. कुणाचं पोरगं पास होऊ दे, कुणाची म्हस इऊ दे, साखर कुणाच्या डब्यातली? आप्पाच्या!

मग मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या खिशात ज्याची त्याची घंटी वाजायला लागली. आरोळी कशाला मारायची, आन् पळायचं तरी कशाला? लाल फोन आदी गप झाला, मग मुका झाला, मग मेला. दगडाबाई तरी रोज रुमाल झटकायच्या. आन् ओटा? ओट्यावर निस्ती आप्पांची खुर्ची.

तर आता ऐका. ऋषिराजनं बापाला मोठा मोबाइल घेऊन दिला, त्यात भारीतला प्लॅन टाकला. आप्पा त्यात काय करायचे? सकाळी उठून सगळ्यांना गुलाबाच्या फुलाचा फोटो धाडायचे, सांजच्याला नातीचं तोंड बघायचे. संपलं! बाकीचा डाटा तसाच नासायचा.

एक दिवस दिवेलागणीच्या आदी सोपानची मोना आली. सोपान म्हंजी आप्पांच्या पलीकडचा पेरूचा बागायतदार, पोरगी बारामतीला शेतकीच्या कॉलेजात. म्हणली, 'आप्पा, परीक्षेचा फॉर्म भरायचाय, आजच शेवटची तारीख, माझं नेट संपलं, जरा हॉटस्पॉट देता का?' आप्पांनी मान वळवून आत आवाज दिला, 'अगं, ह्या पोरीला कायतरी गरम पायजे बघ!'

दगडाबाईंनी च्या आणला!

पोरगी हसून हसून बेजार. म्हणली, 'आप्पा, तसं न्हवं, तुमच्या फोनातलं नेट माझ्या फोनात घ्यायचं.' आप्पा म्हणले, 'म्हंजी आपला पाट फोडून शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी?' 'व्हय, तसंच.' 'मग घे की! येवढ्याला इचारतीस?'

झालं! फॉर्म भरला, पोरीनं घरी सांगितलं, आन् दुसऱ्या सांजंला सोपान हजर. 'आप्पा, पुण्याच्या मार्केटात पेरूला काय भाव निघाला तेवढा बघतो.' त्याच्या मागं त्याची बायको धोंडाबाई, तिला भणीशी तोंड बघून बोलायचं. मग गेणबा. मग मी. आठवडा जातोय न जातोय तवर ओटा भरला! आन् मोबाइल घेऊन बसल्याली माणसं गप बसतात म्हणं... आमच्यात? दुसऱ्याच्या फोनात डोकावल्याबिगर आमाला करमतं व्हय? सोपान भाव वाचणार, गेणबा म्हणणार, 'थापा मारत्यात!' धोंडाबाईची भण तिकडनं इचारणार, 'त्यो कोण गं मागं टोपीवाला?' आन् टोपीवाला हिकडनं तिला पाव्हण्यांची खुशाली इचारणार! आप्पा खुर्चीत बसून पंगतीला वाढल्यावानी फिरून फिरून इचारायचे, 'पोचतंय का सगळ्यांना? गेणबा, तू लांब बसलास, म्होरं सरक, तुला कमी येत आसंल!'

दगडाबाई आतनं कावायच्या, 'डाटा कंपनीनं दिला, च्या कोण देणार? कंपनी?' पण तुमाला सांगतो, पातेलं मोठं त्यांनीच काढलं हुतं. कुणी सांगितलं नव्हतं.

आन् मग आली दिवाळी. ऋषिराज आला. पोरगं गुणी, त्याचं बी काय चुकलं न्हाय. म्हणला, 'आप्पा, सांजच्याला छकुली तुमाला फोन लावती, तर निस्तं चाक फिरतंय. पोरगी रडून झोपती. तुमचा डाटा जातो कुठं?' आप्पांनी ओट्याकडं बघितलं. आता काय सांगणार? हिकडं गाव, तिकडं नात! ऋषिराजनं बसल्या जागी बोटं फिरवली आन् म्हणला, 'झालं! जुना प्लॅन आजच संपत हुता, आता वरीसभराचा टाकला. आदीपेक्षा स्वस्त, डाटा जास्त, आता काळजीच न्हाय.' आप्पा खूश. जास्त डाटा म्हंजी जास्त माणसं, त्यांचा सरळ हिशेब!

पाव्हणे गेले. सांजंला आमी सगळे ओट्यावर. आप्पांनी बटन दाबलं. कायबी हुईना. परत दाबलं. फोनवर इंग्रजीत कायतरी उमटलं. मोनानं वाचलं, परत वाचलं, आन् हळूच म्हणली, 'आप्पा... ह्या प्लॅनमधी हॉटस्पॉट चालत न्हाय.'

'म्हंजी?'

'म्हंजी डाटा सगळा तुमचा, पण दुसऱ्याला देता येत न्हाय.'

सगळं हाय, पण वाटायचं न्हाय! आप्पांचं तोंड असं झालं, जसं पंगत बसवली आन् कोठीचं कुलूप निघंना. सोपान म्हणला, 'जाऊ द्या आप्पा, रिचार्ज लई स्वस्त झाल्यात, आमी आपले टाकून घिऊ.' चांगल्या मनानं म्हणला वो, पण ते वाक्य आप्पांना कुठं जाऊन लागलं ते त्यांचं त्यांना ठावं. एकेक जण उठला. धोंडाबाई म्हणली, 'येते हं काकी.' मी बी उठलो. च्या चुलीवरच राह्यला.

पण आप्पा गप बसणारं माणूस न्हवं! दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीला फोन. पैल्यांदा ती बाई, 'मराठीसाठी दोन दाबा.' दाबला दोन. गाणं लागलं. ह्यांनी ते अख्खं ऐकलं, गाणं संपलं, परत तेच लागलं! मग एक पोरगी आली, 'नमस्कार, मी वृषाली, मी आपली काय मदत करू शकते?'

आप्पा म्हणले, 'ताई, माझ्या हिरीचं पाणी मी शेजाऱ्याला दिलं, तर हीर खांदणारा येऊन आडवतो का?'

'सर... आपला मोबाइल नंबर सांगता का?'

सांगितला. तिकडं टकटक झाली. 'सर, आपला प्लॅन वैयक्तिक वापरासाठी आहे.'

'मग वैयक्तिकच हाय की! सोपान माझा, गेणबा माझा, धोंडाबाई माझी सून लागती भावकीतली. ह्यात परकं कोण हाय?'

'सर, वैयक्तिक म्हणजे फक्त आपल्या एकट्यासाठी.'

मी तितंच उभा हुतो, तुमाला सांगतो. आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग बारीक आवाजात म्हणले, 'एकट्याला येवढं कशाला लागतंय, ताई?'

तिकडं परत टकटक झाली. मग ती पोरगी पाठ केल्यावानी म्हणली, 'सर, याव्यतिरिक्त आपली काही मदत करू शकते का?'

'करा की. कवा हिकडं आलात तर निरवांगीला या. च्या प्यायला.'

मग इंदापूरला दुकानात गेले. दुकानदार म्हणला, 'आदीचा संपल्याबिगर नवा चालू हुणार न्हाय आप्पा, रांगंत थांबंल त्यो.' 'वरीसभर?' 'अवो वरीसभर काय बिघडतंय? पैशात व्हॅल्यू बघा की, व्हॅल्यू!' 'बघतोय बाबा,' म्हणले, आन् परत आले. एसटीत बसून येताना त्यांच्या खिशात डाटा किती? ढीग! सगळं हाय, पण वाटायचं न्हाय!

मग सुरू झाल्या रिकाम्या सांजा. आप्पा खुर्चीत, आत दगडाबाई. छकुलीचा फोन यायचा, पोरगी नाचून दाखवायची, आप्पा हसायचे. पण पोरीला अभ्यास असतोय, फोन ठेवला की परत तेच. ज्याचं त्याचं नेट ज्याच्या त्याच्या घरात. मी बी माझ्या घरात, खोटं कशाला बोलू?

आन् एक दिवस बघतो तर काय, गेणबा! नेहमीच्या टायमाला आला, नेहमीच्या जागंवर बसला, खिशातनं फोन काढून मांडीवर ठिवला. आप्पा म्हणले, 'गेणबा, आरं हॉटस्पॉट बंद झाला न्हाय का?'

'असू द्या की.'

'मग फोन कशाला काढलास?' म्हणून आप्पांनी वाकून बघितलं... आन् बघतच राह्यले. बटनांचा फोन! बारकं डबडं, त्यात आकडं बी अर्धे पुसल्याले!

'आरं, ह्यात नेट कुठं येतंय?'

'न्हाय येत.'

'मग इतके दिवस घ्यायचास काय तू?'

गेणबानं टोपी काढली, डोकं खाजवलं. 'सगळी यायची आप्पा. म्हणून मी बी यायचो. आता मोकळ्या हातानं कसं यावं? म्हणून फोन आणायचो.'

आप्पा आदी हसले. मग हसता हसता उपरण्यानं डोळं पुसत बसले. दगडाबाईंनी आतनं ते सगळं ऐकल्यालं, आन् त्या दिवशी गेणबाच्या कपात साय हुती, असं गेणबाच सांगतो.

आन् त्या सांजंनं आप्पांच्या डोक्यात किडा सोडला! दुसऱ्या दिवशी टोपी घातली, मोबाइल घेतला, आन् थेट सोपानच्या दारात. सोपान दचकला. 'आप्पा, तुमी? काय पायजे हुतं?'

'काय न्हाय रं... माझा डाटा संपलाय. जरा हॉटस्पॉट देतोस का?'

डाटा संपलाय! आप्पाचा! खिशात समुद्र घेऊन माणूस तांब्याभर पाणी मागायला आला!

सोपान खजील. 'आप्पा, काय सांगू, आमी बी त्योच स्वस्तातला प्लॅन टाकलाय. आमच्यात बी हॉटस्पॉट चालत न्हाय.'

'आरं तिच्या! मग आता?'

'मग... बसा की जरा.'

'बसतो,' म्हणले आप्पा, आन् बसले! सोपाननं टीव्ही बंद केला. धोंडाबाई भाकरी टाकायची सोडून भायेर आली, मोना पुस्तक घेऊन तितंच टेकली, आन् बोलणं जे निघालं ते पाक त्या लाल फोनापातुर गेलं. गेणबाचा पाट कितीदा फुटला, मोनाच्या आजीचा तांदळाचा निरोप कळंबला गहू म्हणून कसा पोचला... मोना म्हणं हसून हसून लोळली.

आता आप्पांचा नेमच झालाय. आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं, हातात मोबाइल, आन् तोंडात तेच, 'डाटा संपलाय रं!' परवा दगडाबाईंना बी संगं घिऊन गेले. समद्या वस्तीला ठावं हाय, आप्पाचा डाटा कधी संपत न्हाय. पण कुणी म्हणून दावावं? कुणाची छाती हाय? तवा चला, उठतो मी बी... आज आप्पा आमच्याकडं येणार, आन् घरी आमच्या कारभारणीनं सगळ्या दुधाला इरजण लावलंय, च्याला थेंब न्हाय!