शिक्का न मारलेला ताका

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या गिरणीचे मॅनेजर मुकुंदराव, प्रमुख पाहुणे फौजदार कुंडलिकराव, कचेरीतले माझे सोबती, आणि मागे दाराशी उभी असलेली मागखात्यातली मंडळी,

या यज्ञेश्वर कारकुनाला तुम्ही शाल दिलीत, नारळ दिलात, एकतीस वर्षांच्या निष्कलंक चाकरीचे मानपत्र दिलेत. मानपत्रांचा मजकूर कचेरीतच तयार होतो. असली आठ तर मीच लिहिली आहेत, तेव्हा ‘निष्कलंक’ हा शब्द कुठून येतो ते मला ठाऊक आहे.

माझ्यासारखा घडीखात्यातला कारकून काय करतो? विणून आलेला कापडाचा ताका तपासतो. दोष निघाला तर काठावर लाल शिक्का मारून तो विणणाऱ्याच्याच गळ्यात मारतो आणि किंमत त्याच्या पगारातून कापतो. हा गिरणीचा कायदा. आमचा निराळा होता. आम्ही चांगल्या ताक्यालाच खराब म्हणत असू. पगार कापला जाई, विक्रीच्या वहीत मात्र नोंद होत नसे; ती रक्कम आम्ही आपसात वाटून घेत असू. माझ्या घरावर माडी चढली ती त्यातूनच. दरोडेखोराला निदान भिंत तरी चढावी लागते हो! आम्ही सगळे पंख्याखाली बसून, वळणदार अक्षरात करत होतो.

अध्यक्षांना कोणी पाणी द्या.

सत्तावीस साली सिद्धप्पा नावाच्या मागवाल्याचे दोन ताके मी असेच खराब ठरवले. त्याने वाद घातला नाही, हात जोडले. “शिक्का तेवडा मारू नगासा, सायेब. पोरीच्या लग्नात आहेराला हुतील. लाल डाग बगून व्याही काय म्हनंल?” मी शिक्का मारला नाही. उपकार केल्यासारखा हसलोसुद्धा. शिक्का नसला की मागे पुरावा राहत नसे, आमचेही त्यात फावतच होते.

महिन्याभरात मालकांनी अचानक माल मोजायला लावला. साठ ताके कमी भरले. आता चोर हवा होता, आणि सिद्धप्पाच्या घरात बिनशिक्क्याचे दोन कोरे ताके सापडले.

खटल्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको शिवबाई माझ्या दारात आली. “तुमीच दिलं की सायेब ताके. एवडंच सांगा कोर्टात. जास्त कायबी नगं.” दुसऱ्या दिवशी मी शपथेवर सांगितले, “विक्रीच्या वहीत नोंद नाही.” हे अक्षरशः खरे होते. नोंद मीच केली नव्हती.

सहा महिने सक्तमजुरी झाली. पोरीचे लग्न मोडले. सुटून आल्यावर त्याला एकाही गिरणीने फाटकाच्या आत घेतले नाही. होटगी स्टेशनावर पोती उचलता उचलता तो रक्त ओकून मेला. आणि इकडे गिरणीकामगारांच्या चाळीत कोणाच्या अंगावर नवे कापड दिसले की शेजारीच विचारू लागले, कुठून आणलेस? चोरी आम्ही तिघाचौघांनी केली, चोर ठरली सगळी चाळ.

मी तेव्हा का बोललो नाही? भीतीने नव्हे. मला बढती मिळाली होती.

उठू नका, मुकुंदराव. आपण तेव्हा स्टोअरकीपर होता. आपला एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक वाटणीची सहीनिशी पावती घेत होतो. कारकुनाची खोड! त्या सगळ्या पावत्या मी कुंडलिकरावांच्या हातात देतो आहे. फौजदारसाहेब, पाहुणे म्हणून बोलावून आपल्याला कामाला लावले. मी आपल्याबरोबरच येतो, घरी सांगून निघालो आहे.

परवा मी शिवबाईकडे गेलो होतो. पाया पडू लागलो तर ती मागे सरली. “माज्या पाया पडून काय करतासा? समद्यांम्होरं त्येला बेड्या घालून नेलं. समद्यांम्होरं सांगा की.” म्हणून मी हा सत्कार नाकारला नाही. एवढी माणसे मला दुसरीकडे कुठे मिळाली असती?

तर मंडळी, सिद्धप्पा चोर नव्हता. चोर मी.

आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर पोटात घालावे. केले त्याची क्षमा मात्र कोणी करू नये, एवढी विनंती करून मी खाली उतरतो.