रविनाच्या डब्यातल्या चार गोळ्यांबाबत

जबाब. वार सोमवार, सकाळी साडेदहा.

मी ठमी मंगळू मेंगाळ, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा शेती व मजुरी, शिक्षण दुसरीपर्यंत, राहणार वैशाखऱ्याजवळची वाडी, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे.

समक्ष हजर राहून सांगते की, सगळ्यात आधी आली ती रखमी. काल रविवारी, ऊन अंगणात उतरायच्या आत. रखमी म्हणजे माझी शेजारीण, अमोलची आई. पाव्हणे यायचे आहेत तर कांदे चिरून देते म्हणाली आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली. मी म्हटलं, "रखमे, रडतेस कशाला गो, कांदा तर अजून टोपलीत हाय." तिनं पदरानं डोळे पुसले.

पाव्हणे माझी नात रविना, वय तेवीस, हिला बघायला यायचे होते. डोळखांबकडचे, शहापूर तालुक्यातले. तिचा बाप, माझा मुलगा, घरातच होता, पण तो बोलत नाही. आमच्यात बोलते मी.

पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी विचारलं, गोळ्या कशाच्या. तर पाच वर्षांमागं रविनाला कानात माणसं बोलायला लागली. त्या पहिल्या वर्षात आम्ही काय काय केलं, कुठं कुठं नेलं, ते लिहू नये. मग मुरबाडला डॉक्टर मिळाले, गोळ्या लागू पडल्या. पुढच्या वर्षी पोरगी हसायला लागली म्हणून गोळ्या मीच बंद केल्या, डॉक्टरला न विचारता. दीड महिन्यानं ती विहिरीच्या काठावर सापडली. विहिरीचं लिहू नका, पण गोळ्या मी बंद केल्या हे लिहा.

तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. झोप फार यायची, अंग भरलं, पाळी पुढं जायची. हात एवढा थरथरायचा की सुईत दोरा जात नव्हता. दर वेळी डॉक्टरला सांगितलं, त्यांनी गोळी कमी केली, एक बदलली. आता वाडीतल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज तीच शिवते. मॅडम, तुमचं पण माप देऊन ठेवा. असा हात मुरबाडात नाही.

गोळ्यांचा डबा फळीवर असतो. परवा शनिवारी मी तो उचलून तांदळाच्या कणगीत लपवला, पाव्हण्यांना दिसू नये म्हणून. रविना म्हणाली, "आजी, लपवते कशाला? मीच सांगते त्यांना." मी म्हटलं, "आधी पोहे खाऊ दे." लपवताना रखमी तिथंच होती. तिचा अमोल, वय चोवीस, वाशिंदच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून झोपत नव्हता, अंगणात येरझारा घालायचा. तिनं आधी दोनदा माझ्याकडं गोळी मागितली होती. मी दिली नव्हती. शनिवारी मी पाण्याला गेले तेव्हा तिनं चार काढल्या. हे तिनं मला नंतर सांगितलं. दोन शनिवारी दिल्या, दोन रविवारी सकाळी, चहातून.

पाव्हणे अकराच्या सुमारास जीपनं आले. मुलगा भगीरथ, त्याचे वडील महिपत, आई काशी. मुलगा सावळा, खाली बघून बसणारा. मला आवडला. पोह्यांच्या ताटल्या हातात गेल्या आणि रखमीच्या घरातून आरडाओरड आली.

आम्ही सगळे धावलो. अमोल ओट्यावर बसलेला, मान एका अंगाला वळून अडकलेली, जबडा घट्ट, डोळे वर. लोकांनी ठरवून टाकलं, देवी आली. कुणी नारळ आणला, कुणी कपाळ हळदीकुंकवानं भरलं. वाडीतल्या बुधूनं तर हात जोडून विचारलं, "आई, माझी शेळी कुठं गेली?" अमोलचे डोळे वरच होते, तर बुधू तडक डोंगराच्या वाटेला लागला. काशीबाईंनी पण पदर डोक्यावर घेतला. रखमी अंगारा पाण्यात कालवून त्याच्या तोंडाशी न्यायला लागली.

मला कळलं होतं. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात रविनाचं असंच झालं होतं. पण पाव्हणे माझ्या शेजारी उभे होते. मी गप्प राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

रविना पुढं गेली. रखमीच्या हातातला पेला काढून घेतला. म्हणाली, "काकी, पाणी नको. गिळता येत नाय त्याला, ठसका लागंल." एकजण ओरडला, "देवीला अडवतेस होय गो?" ती म्हणाली, "देवीच्या डोळ्यातनं असं पाणी गळतं का?" तेव्हा आम्ही बघितलं, अमोल रडत होता.

मग ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "अमोलदादा, तुला सगळं ऐकू येतंय, मला ठाव हाय. माझी पण मान अशीच धरली होती. मी रोज घेते त्या गोळीनं होतं असं कधी कधी. दवाखान्यात सुई दिली की सुटतं."

हे ती सगळ्या वाडीदेखत बोलली. भगीरथ तिच्यापासून दोन हातांवर होता.

मी घरी जाऊन डबा आणला, तर एका पट्टीतल्या चार गोळ्या गेलेल्या. आखडलेलं सुटायला रविनाला एक बारीक गोळी मिळते, ती काढली. रविनानं माझा हात धरला. "आजी, एकाची गोळी दुसऱ्याला देऊन हे झालं. आता परत तेच करतेस?" मी गोळी ठेवली. तिनं ती पट्टी घेतली, डॉक्टरला दाखवायला, आणि जीपकडं बघितलं. महिपतराव चावी काढून चालायला लागले. अमोलला दोघांनी उचललं. रविना त्याला कुशीवर धरून मागं बसली, भगीरथ पुढं.

मी वाडीतच राहिले, पुढचं रविनानं येऊन सांगितलं: सरकारी दवाखान्यात सुई दिली. अर्ध्या तासात मान सरळ झाली. डॉक्टरनी विचारलं, ओळखलं कुणी? आणि रविनाला म्हणाले, वेळेवर आणलंस. अमोलच्या झोपेचं आता नीट तपासून औषध देणार आहेत. दुसऱ्याची गोळी दिली म्हणून कागद ठाण्यावर आला, म्हणून मी आज इथं.

दवाखान्याच्या बाकावर भगीरथनं तिला विचारलं, "ती गोळी किती दिवस घ्यायची?" ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील तवर. तुमाला चालत नसंल तर आत्ताच सांगा, माझी मशीन घरी वाट बघते." काशीबाई मागं माझ्याकडंच राहिल्या होत्या. त्यांनी गार पोहे खाल्ले आणि माझा डबा मांडीवर घेऊन एकेक पट्टी उलटीपालटी करून बघितली.

रखमीवर माझी तक्रार नाही. तिनं घेतल्या, पण डबा तिच्यादेखत आणि लाजेपायी मी लपवला. आता तो पुन्हा फळीवर आहे, कुलपासकट. चावी रविनाकडं.

माझं म्हणणं मॅडमनी मला सावकाश वाचून ऐकवलं. मी बोलले तेच त्यात आहे, जास्तीचं काही नाही. सही करायच्या आधी एक ओळ राहिली होती, ती घालायला लावली, ती अशी: येत्या गुरुवारी मुरबाडला रविनाचे डॉक्टर बसतात, तिथं त्यांच्याशी बोलायला पाव्हणे तिघंही येणार आहेत, काशीबाईंनी जीपमध्ये चढताना तसं सांगितलं आहे, तरी त्या दिवशी मला ठाण्यावर बोलावू नये.

सही: ठमी मंगळू मेंगाळ