गारगोटीचं येणं

माझं गाव तिकडं देगलूरच्या बाजूला. आई-बाप ऊसतोडीला इकडं यायचे, त्यांच्यासंगं मी आलो आणि सातवीतनं शाळा सुटली ती सुटलीच. एका हंगामात बाप इथंच तापानं गेला, आई गावाकडं परतली, आणि मी कोल्हापुरात अण्णांच्या वर्कशॉपात कामाला लागलो. नव्वदच्या पुढची गोष्ट. आता बोलणं बी इथलंच झालंय माझं, गावाकडं गेलो की भाऊबंद हसतात.

अण्णा म्हणजे जैन माणूस, उद्यमनगरात तीन लेथ, शेतीपंपाचे सुटे भाग करायचे. आम्ही जयभीमवाले, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण नंतर कळून हाकललं की जास्त लागतंय. तर ते म्हणाले, अक्षर बरं हाय काय तुझं? म्हटलं, हाय. मग बस की, म्हणाले. काय सांगू तुम्हाला, दुसरं काही विचारलं न्हाय त्यांनी, त्या दिवशी न्हाय, पुढं कधी न्हाय.

पुढं वसुली माझ्याकडं आली. जयसिंगपूर, पेठ वडगाव, गारगोटी, सगळीकडं दुकानदारांना माल उधारीवर जायचा, आणि पैसे मागायला मी. लई भ्या वाटायचं. एखादा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, काय रं, अण्णाच्या घरात आज चूल पेटली न्हाय व्हय? आणि सगळी हसायची. अण्णांनी मला एकच शिकवलेलं. वसुलीला गेलास की आधी आकडा बोलायचा, मग टेकायचं. पाणीसुद्धा नंतर. आधी चहा घेतलास की तू पावणा झालास, आणि पावण्याला पैसे कोण देत न्हाय.

गारगोटीचा एक दुकानदार, सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याच्याकडं सव्वा लाख अडकलेलं. दोन हजार सालानंतर धंदा बसत चालला, बँकेचे हप्ते थकले, तेव्हा अण्णा म्हणाले, हे बघ, गारगोटीचं आलं तर लेथ वाचतील, न्हाय तर महिनाअखेरीला बँक उचलून नेतीया.

मी गेलो. सकाळधरनं पोटात काय नव्हतं. दुकान बंद दिसलं म्हणून घरी गेलो, तर आबा दारातच. अरे या, या पावणं, म्हणत हाताला धरून आत. मी आकडा बोलायला तोंड उघडलं, तर म्हणतात, पैसं कुठं पळून जात्यात व्हय? आधी दोन घास खावा. आणि त्यांच्या शेजारी, घरच्या पंगतीत पाटावर बसवलं मला. ताट त्यांच्यासारखंच. वहिनी वाढतायत, घ्या की भाऊ, लाजताय काय. आमच्या गावात माझ्या आईला पाणी वरनं ओतायचे हो. आबांना माझं आडनाव ठाऊक होतं, दर पावतीवर बघायचे, तरी बसवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं, रस्सा तिखट हाय. आणि पैशाचं? न्हायच निघालं तोंडातनं. उठताना मीच म्हटलं, सवडीनं द्या आबा. मीच म्हटलं हे! दुसऱ्याच्या पैशाला मुदत देणारा मी कोण?

स्टँडवर पाइपवाल्या कंपनीचा वसुलीचा माणूस भेटला. माझं तोंड बघून म्हणाला, जेवलास जणू? तांबडा रस्सा का पांढरा? लेका, आम्हा सगळ्यांस्नीच घालतोय त्यो, माझी तिसरी खेप, रुपाया सुटला न्हाय. आणि खदाखदा हसला. आता तुम्हीच सांगा, ते ताट खरं होतं का खोटं? मला अजून ठरवता आलं न्हाय.

अण्णांना येऊन सांगितलं, आबा भेटले न्हाईत. आठवड्यानं परत गेलतो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाला, दुकान विकलं की त्यांनी, तुम्ही जेवून गेला त्याच्या आदल्या दिवशीच रोकड घेतली, आता कुठं गेलेत कुणाला पत्ता न्हाय. म्हणजे पैसा त्या घरात होता. मी जेवत होतो तेव्हा होता.

महिनाअखेरीला टेंपो आला. तिन्ही लेथ चढवताना अण्णा मला म्हणाले, तू प्रयत्न केलास बाबा. हे एक वाक्य मला अजून झोपू देत न्हाय.

आता मी एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखतो. अण्णा अंथरुणाला खिळल्यात, ध्यानात काही ऱ्हात न्हाय. सुट्टी झाली की त्यांच्याकडं जातो. ते विचारतात, गारगोटीला गेलतास काय? म्हणतो, गेलतो अण्णा. भेटला? भेटले. काय म्हणतोय? देतो म्हणाले. मग मान हलवतात, माणूस वाईट न्हाय त्यो, म्हणतात. मी व्हय म्हणतो आणि त्यांचं पांघरूण सारखं करतो. खरं सांगायची वेळ होती तेव्हा सांगितलं न्हाय, आता सांगून त्यांच्यापर्यंत पोचत न्हाय. तुम्हाला सांगितलं. ऐकून घेतलंत, उपकार झाले, भलं होवो तुमचं. जातो मी, ते वाट बघत असतील.