पेट्यांचं पाणी

सून : आई, तुमच्या बाजूची काच पूर्ण खाली करा. हीटर लावतेय.

सासू : या उन्हात हीटर? डोकं ठिकाणावर आहे ना?

सून : इंजिनाची थोडी गरमी तो आत ओढून घेतो. काटा लालवर टेकलाय.

सासू : आणि मागच्या पेट्यांचं काय? गाडी थांबली की वारा थांबेल. दारं बंद आहेत त्यांची. माझ्या मधमाश्या गुदमरतील.

सून : नाही थांबवली तर इंजिन बसेल. मग पेट्या काय डोक्यावर घेऊन चढायचा घाट?

सासू : त्या वळणापलीकडे झाडं आहेत. तेवढी ने.

सून : नाही पोचणार. वाफ दिसायला लागली. बाजूला घेते.

सासू : घे बाई, घे. अंधारातच वर बागेत पोचायला हवं म्हणून कालपासून घसा फोडतेय मी.

सून : निघालो होतोच ना अंधारात! खाली ही पुन्हा पुन्हा बंद पडली त्याला मी काय करू? तुमच्या बाजूने उतरू नका, दरी आहे. माझ्या दाराने या. आणि बॉनेटपासून लांब राहा.

सासू : तो कॅन कुठे चाललीस घेऊन?

सून : रेडिएटरला लागेल.

सासू : खाली ठेव. ते पाणी पेट्यांवर मारायला आणलंय.

सून : आई, आपल्याकडे एवढंच पाणी आहे.

सासू : म्हणूनच म्हणते, खाली ठेव. इकडे ये. कान लाव. ऐकलंस? ही रोजची गुणगुण नाही. पंख मारून मारून आतली हवा गार करायला बघतायत त्या. आवाज असाच चढत गेला की आतलं मेण सुटतं, आणि मग सगळं पोळं त्यांच्याच अंगावर कोसळतं.

सून : अर्धंच घेते.

सासू : थेंब नाही. तुझ्या सासऱ्यांची गाडी आहे, मला काय नावडती आहे? पण लोखंड मरत नाही.

सून : बरं. आधी बघू तरी काय बिघडलंय. पट्टा शाबूत आहे. पंखा फिरत होता. नळी कुठे फुटलेली दिसत नाही.

सासू : झाकण उघडून बघ की आत पाणी आहे का.

सून : आत्ता उघडलं तर तोंड भाजून निघेल माझं. उकळतंय ते. थांबा, ह्याला फोन लावू. माझे हात काळे झालेत, तुम्ही लावा. स्पीकरवर टाका आणि धरा इथे.

सासू : तो तिकडे ऑफिसात बसून काय सांगणार?

सून : शहरात जाईपर्यंत हीच गाडी चालवत होता तो. लावा.

मुलगा : हां, बोल. पटकन बोल, मीटिंग आहे.

सून : गाडी तापली. घाटाच्या मधोमध आहोत.

मुलगा : मी सांगितलं होतं. त्या खटाऱ्याला चढावर घालू नका म्हणून हजारदा...

सून : ते नंतर ऐकव. पट्टा ठीक, पंखा ठीक, गळती नाही.

मुलगा : रेडिएटरला हात लावून बघ. बेताने.

सून : अरे! हा तर नुसता कोमट आहे.

मुलगा : इंजिन उकळतंय आणि रेडिएटर कोमट? मग गरम पाणी तिथवर येतच नाहीये. थर्मोस्टॅट अडकला असणार. वरची जाड नळी इंजिनाला जिथे जोडलीय ना, तिथे झाकणाखाली एक झडप असते. पाणी तापलं की ती उघडायला हवी. ती मिटून बसलीय.

सून : दोन बोल्टचं झाकण? दिसलं.

मुलगा : तेच. गार झालं की खोल, झडप काढून टाक, झाकण परत लाव. झडपेशिवाय आजचा दिवस गाडी आरामात चालेल. थोडं पाणी सांडेल, ते भरून घे. आणि हे बघ, नाही जमलं तर जिवाचा आटापिटा करू नकोस. पेट्या तिथेच ठेवा, एखादी गाडी थांबवा आणि घरी जा. तसंही पुढच्या महिन्यात तू इकडे आलीस की ती गाडी चालवणार कोण आहे? आईला सांगितलंस ना?

सून : आई, फोन द्या इकडे.

मुलगा : हॅलो? सांगितलंस की अजून नाही?

सासू : कळलं तिला. आत्ताच.

मुलगा : आई? अगं, स्पीकरवर आहे हे सांगायचं ना कुणीतरी. आई, ऐक...

सासू : तुझी मीटिंग आहे ना? जा. ठेवते.

सून : आई.

सासू : पाना कुठला लागतो?

सून : मी सांगणारच होते.

सासू : पाना कुठला, ते विचारलं मी.

सून : सीटखालच्या पिशवीत आहेत. मधला द्या.

सासू : हा घे.

सून : बहर संपला की सांगणार होते. तुमच्या डोक्याला आत्ता ताप नको म्हणून...

सासू : म्हणजे सगळ्या बागा तुझ्याकडून करून झाल्या, पेट्या घरी आल्या, की मग. रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितेस तू. एवढं मोठं गिळून बसायचीस?

सून : रोज उद्या सांगू म्हणायचे. एक सुटला. दुसरा हलत नाहीये. गंजून बसलाय.

सासू : त्यानं हट्ट धरला म्हणून चाललीस?

सून : त्याचा हट्ट लग्नापासून आहे. मला जायचंय म्हणून चाललेय. मला नवऱ्याबरोबर राहायचंय, आई. फोनवरचा संसार नको झालाय आता. आई गं!

सासू : काय झालं?

सून : पाना सटकला. सालटं निघालं. काही नाही. आई, ते मागे काय टपकतंय? त्या कोपऱ्यातल्या पेटीतून.

सासू : बघू. अगं बाई! मेण सुटलं. मध आहे हा, मेणासकट. सर, सर बाजूला. दारं उघडते सगळ्यांची.

सून : उघडू नका! उडून जातील सगळ्या.

सासू : उडू देत. आत राहिल्या तर संध्याकाळपर्यंत एक जिवंत राहायची नाही. बाहेर गेल्या तर सूर्य मावळताना परत येतील, पेटी जिथे सोडली त्याच जागी. फक्त तोवर गाडी इथून इंचभर हलवायची नाही.

सून : आणि तो बागवाला? दुपारपर्यंत पेट्या लागल्या नाहीत तर दुसऱ्याच्या बोलावतो म्हणालाय.

सासू : बोलावू दे. त्याची फुलं, त्याची मर्जी. डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळ आणि हात झटकत बसू नकोस. उघडते मी.

सून : बाप रे. केवढ्या आहेत!

सासू : तुझ्याशी काही वैर नाही त्यांचं. तू तुझं काम कर. आणि तो कॅन घे आता. गाडीला लागेल.

सून : पेट्यांना?

सासू : दारं उघडली, आता त्यांचं त्या बघतील. ही कोपऱ्यातली सोडून. हिला थोडं मारते, मग उरलेलं सगळं तुझं.

सून : स्स! चावली. मानेवर.

सासू : चिमटीत धरू नकोस. नख आडवं लावून खरवड, काटा निघून येईल. निघाला?

सून : निघाला. हा बोल्ट मात्र निघायचं नाव घेत नाही. जास्त जोर लावला तर मुंडकं तुटेल, मग सगळंच संपलं.

सासू : त्याच्यावर तेल सोडलंस? तुझे सासरे आधी तेल सोडायचे आणि मग बोल्टला शिव्या द्यायचे.

सून : तेल सोडलंय. शिव्या तुमच्यासमोर कशा देऊ?

सासू : मनात दे. हा पाइप पान्यावर चढव, लांब होईल. मीही धरते.

सून : एकदम हिसका नको. हळूहळू दाब. हां... हां... थांबा.

सासू : तुटला?

सून : नाही. हलला. आई, हलला!

सासू : मग थांबलीस कशाला? फिरव.

सून : निघालं झाकण. ही बघा. एवढीशी चकती, आणि पार घट्ट मिटलीय. पण मधला कागद फाटला. आता झाकण असंच लावलं तर पाणी गळेल.

सासू : मेण आहे की माझ्याकडे. थापू?

सून : पहिल्याच चढावर वितळेल ते. जाड पुठ्ठा हवा. त्या खोक्याचं झाकण द्या, आणि तुमची पोळं कापायची सुरी.

सासू : तू धर, मी कापते. तुझे हात तेलकट आहेत.

सून : भोकं बरोबर बोल्टवर यायला हवीत.

सासू : मला शिकवतेस? आयुष्यभर चौकटींत बसवायला मेणाचे पत्रे कातरलेत मी. घे. बसतोय?

सून : चपखल. ग्रीस लावते दोन्हीकडून. आता पाणी, अगदी सावकाश. बस. सुरू करते, तुम्ही झाकणाजवळ बघा. गळतंय?

सासू : नाही. एक थेंब आला होता, थांबला.

सून : आणि रेडिएटर?

सासू : हात लावते... अगं, तापला की हा!

सून : तापू दे! तापायलाच हवा. पाणी फिरतंय.

(ऊन उतरल्यावर. त्याच जागी.)

सून : सगळ्या आल्या?

सासू : बहुतेक. थोड्या अजून दाराशी घुटमळतायत. त्या आत गेल्या की लावू दारं.

सून : ती कोपऱ्यातली?

सासू : गेली ती. आत सगळा चिखल झालाय. राणीसकट.

सून : अर्धं पाणी गाडीला घालू द्या म्हणत बसले मी. तेव्हाच दारं उघडायला हवी होती.

सासू : दारं उघडायचं माझ्या मनात यायला हवं होतं, तुझ्या नाही. मला बाग सोडवेना. ते राहू दे. मान सुजलीय तुझी. दुखतंय?

सून : ठणकतंय. आई, मी गेल्यावर या पेट्या कोण नेणार?

सासू : बघेन एखादा ड्रायव्हर. त्याला वळणावर गाडी हळू घ्यायला शिकवेन, तुला शिकवलं तसं. नाही जमलं तर थोड्याच ठेवीन, परसात.

सून : तुम्हाला राग आलाय.

सासू : आलाय. तू जातेस म्हणून नाही. फोनवरून ऐकावं लागलं म्हणून. उद्यापर्यंत राहील, तेवढा राहू दे. फोन वाजतोय बघ तुझा. हात पुसू नकोस, मी घेते. हां, बोल.

मुलगा : आई, कुठे आहात? दुपारपासून लावतोय.

सासू : इथे रेंज येते-जाते. गाडी सुरू झाली. आता वर निघतोय, बागवाला अजून घेतो का बघू.

मुलगा : कुणी केली?

सासू : कुणी म्हणजे? तिनं केली.

मुलगा : आई, सकाळचं ते मी तसं बोलायला नको होतं. ती सांगणार होती तुला.

सासू : ते आमचं झालंय बोलून. तू मला एक सांग, तिकडे हिला चालवायला गाडी आहे का?

मुलगा : इथे गाडी कशाला? दारासमोरून बस मिळते.

सासू : बसमध्ये ती काय, खिडकीशी बसून राहणार? बघून ठेव एखादी. जुनी असली तरी चालेल, ती नीट करून घेते.