एका बर्थवर दोघी

मुलांनो, समजा, तुम्ही भिलाईच्या स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यासोबत उभे आहात. आपल्या पुढे पोलादाच्या प्लांटमध्ये काम करणारे तेजराम आणि त्यांची नऊ वर्षांची टीना. शेजारच्या बाकावर तेजरामची आई, सिंधुताई.

"पुरीचा समुद्र तू, सूनबाई अन् टीना, तुमी तिघं पाहून या बाप्पा. मी घर सांभाळतो."

"आई, तिकिटासाठी काहून मन मारून राहिली?"

"पापा, माझं हाफ तिकीट घ्या, आजीचं फुल."

"हाफमध्ये बर्थ भेटत नाही, बेटा."

"मी आजीजवळ झोपीन ना."

"तरी पैसे कमी पडतात."

"रस्त्यात काहीच विकत नाही घ्यायचं. समोसा पण नाही. आजी दशम्या करीन."

"दशम्या तर करीन मी. चटणी बी."

"अन् ही झोपेत लाथा मारते, त्याचं काय?"

"घरच्या खाटेवर कोण खाते मग? आदत आहे मले."

"म्हणजे येतेस, आई?"

"दोघी मावलो, तर येतो."

टीना रांग सोडून बाकाकडे धावली, अंग चोरून कडेला आडवी झाली आणि आजीचा पदर ओढत म्हणाली, "लेट ना आजी, दोघी मावतो का, आत्ताच पाहू."