आमच्या गल्लीत लोकसभा विसर्जित झाली

तुमाला आमच्या अप्पांचं सांगितलं न्हाई व्हय? समोरचे दस्तगीर टेलर आन् अप्पा, चाळीस वर्षं चारचा चहा एकत्र प्यायचे. मागच्या निवडणुकीत दस्तगीरचाचांचा उमेदवार आला, अप्पांचा पडला. अप्पा तडकले, "ही लोकसभा हाय तवर तुझी पायरी चढणार न्हाई!"

म्हंजे पाच वर्षं, गड्या!

दोन वर्षं रोज चारला अप्पा आमच्या चहाच्या दुकानातनं तिकडं बघायचे, चाचा मशीन थांबवून इकडं. मला बघवंना. एक दिवस मी ठोकून दिलं, "अप्पा, लोकसभा विसर्जित झाली!"

अप्पा अनवाणीच पळाले. "दस्तगीर, लोकसभा गेली रं!"

चाचांनी लगेच दोन चहा सांगितले. तासभर नुसतं खिदळणं.

अप्पा परत आल्यावर मी घाबरत कबूल केलं, "खोटं बोललो."

"दिवसभर बातम्या बघतो मी. मला कळत न्हाई व्हय? चाचाला सांगू नकोस."

कपबशा उचलायला गेलो, तर चाचा हळूच म्हणाले, "लोकसभा चालू हाय अजून. अप्पाला कळू देऊ नको हां."