फुकुशिमातल्या लेकीचा सवाल

आष्टीहून बीडला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोन मावश्या बोलत होत्या.

"छबुबाई, तुमची दीपमाला फुकुशिमातच हाय का? तिथं अणुभट्टी फुटलती म्हणं."

"तिथंच हाय. जावयाची नोकरी हाय ना."

"मग खाती काय?"

"तिथलाच तांदूळ, तिथलीच भाजी."

"पोटुशी हाय ना ती? तुमी बोलला न्हाई?"

"बोलले की. म्हनली, इथं तपासल्याबिगर माल इकत न्हाईत. आन् मलाच इचारलं, आई, मी बाळंतपणाला येणार, आपल्या बोअरचं पाणी कवा तपासलंय?"

"मग काय सांगितलं?"

"खरं तेच. कवाच न्हाई."

"आन् ह्या बाटलीत काय हाय?"

"बोअरचंच पाणी. बीडला तपासाया देते."